रसिककाका आणि पडद्यावरची पोर

परक्या पोरीसाठी रडावं तर आमच्या रसिककाकांनी! पोर मात्र पडद्यावरची हवी, आणि शक्यतो फ्रेंच.

सिंगापुरात टॅम्पिनीसला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. उमेदीची वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ऑफिसात खुर्चीवर आले, आणि खुर्चीबरोबर त्यांना जागतिक सिनेमाचा नादही लागला. हिंदी सिनेमाचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "तुमची अभिरुची अजून रांगतेय हो," असं माझ्या बाबांना तोंडावर सांगायचे. बाबा बिचारे भिडेखातर ऐकून घ्यायचे.

शनिवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर आम्ही मराठी मंडळी जमायचो, प्रत्येक घरून एकेक पदार्थ घेऊन. तिथे रसिककाका नुकताच पाहिलेला सिनेमा सांगायचे. सांगायचे कसले, करूनच दाखवायचे! "इथे कॅमेरा थांबतो. नुसता थांबतो!" असं म्हणून स्वतःही घास हातात धरून थांबायचे. काकू म्हणायच्या, "अहो, हलू दे आता तो कॅमेरा, मला भात वाढायचाय." तरी खरं सांगते, आम्हा मुलींना ते सांगणं फार आवडायचं.

एकदा त्यांनी कुणा नवख्या फ्रेंच दिग्दर्शिकेचा पहिलाच सिनेमा पाहिला. वयात येणाऱ्या मुलीची गोष्ट. आता गंमत बघा, सिनेमा पंधरा वर्षांच्या मुलीचा, पण बघायची परवानगी एकविसाच्या पुढच्यांना! त्यामुळे त्यांच्या लेकीने, गार्गीने, आणि मी, दोघी ऐन पंधराच्या, तो काकांच्या तोंडूनच पाहिला. ती मुलगी घरी न सांगता सायकल काढते, मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रावर जाते, दिवसभर नुसती हुंदडते आणि संध्याकाळी वाळूचे पाय घेऊन घरी येते. "आणि कुणी तिला जाब विचारत नाही!" रसिककाकांचा रुमाल निघाला. "मुलीला असं वाढू द्यायला काळीज लागतं. आपल्यात आहे का ते?" गार्गी डोळे मोठे करून ऐकत होती. तिला वाटलं, बाबा आपल्याशीच बोलताहेत.

पुढच्याच सुट्टीत तीही गेली, घरी न सांगता. वर्गातल्या पोरापोरींबरोबर, भाड्याच्या सायकलींवर, ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर. मलाही म्हणाली, "कम लाह, चल ना! माझे बाबा काही बोलणार नाहीत." मला माझ्या बाबांची पुरती खात्री होती, मी गेले नाही.

दिवेलागणीला ती परतली, तेव्हा मी काकूंकडेच बसले होते. दारात ती हसत हसत चपला काढत होती. रसिककाकांनी तिच्या पायांची वाळू पाहिली आणि एक सणसणीत कानाखाली वाजवली. "कोण पोरं होती बरोबर? चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही आम्हाला?" शब्दसुद्धा सगळे हिंदी सिनेमातले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथल्या शाळेत म्हणी कोण शिकवतंय? ही मला आईने त्या दिवशी शिकवली.

मग गार्गीला नाशिकला आत्याकडे ठेवायचं ठरलं. "तिथे जरा वळण लागेल." काकूंनी अन्न सोडलं, माझे बाबा रदबदली करून आले, गार्गी तर हातापाया पडली. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, सगळं इथे होतं. पण पडद्यावरच्या पोरीसाठी टिपं गाळणाऱ्या या माणसाला पाझर फुटेल तर शपथ! इतकी वर्षं झाली, त्यांचं नाव निघालं की आजही माझं डोकं तडकतं.

चांगी विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. काकू तिला पोचवायला निघाल्या होत्या. आत जाण्याआधी गार्गी थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, त्या सिनेमातल्या मुलीचे वडील काय करतात?"

रसिककाकांचा चेहरा उजळला. सिनेमाचा प्रश्न होता ना! त्यांनी मनापासून आठवून पाहिलं.

"अगं, वडील नाहीतच त्यात. ती आणि तिची आई, बस."

"बरं आहे तिचं," गार्गी म्हणाली, आणि मागे न बघता आत गेली.