अंबाड्यातली शेवंती

इंदिरानगरच्या बाजारात एक फुलवाली बसायची. टोपली मांडण्याआधी ती सगळ्यांत टपोरी शेवंती निवडून स्वतःच्या अंबाड्यात खोवायची आणि जवळच्या स्कूटरच्या आरशात मान वळवून बघायची. नवरा वारल्यावर काही दिवस ती दिसली नाही. परत आली त्या सकाळीही तिने फूल खोवलं. एक ओळखीची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "आता हे शोभतं का गं?"

फुलवाली शांतपणे म्हणाली, "मळा माझा, फूल माझं, केसबी माझेच. मग इचारू कुणाला?"

मी देवासाठी फुलं घेत होते. फुलवाली माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हाला लावू का एक?"

कित्येक वर्षांत मी फूल माळलं नव्हतं. मी हसून तिच्यापुढे पाठमोरी बसले.