चढ आला, गावंडे!

मुनीर सरांच्या गाडीवर मी चार वर्षं मागे बसलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे अर्धा वेळच बसलो. उरलेला अर्धा वेळ मी त्या गाडीच्या मागे पायी चाललो आहे.

कळंबहून आमची जिल्हा परिषदेची शाळा सतरा किलोमीटर. वाटेत चार चढ. पहिल्या चढाच्या पायथ्याशी आलो की सर मान न वळवता म्हणायचे, "चढ आला, गावंडे. उतर." की मी उतरलो. सर ताठ बसून एकटे फटफट करत वर जायचे आणि मागून मी, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चौथीच्या वह्यांचा गठ्ठा. बरं, माथ्यावर तरी माणसानं थांबावं? नाव नको! थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हणजे ताकद जाते, म्हणून ते पायानं हळूहळू गाडी पुढे सरकवत राहायचे आणि मी पळत येऊन टांग टाकायची. मी बसलो की चावी बंद, गाडी न्यूट्रल, आणि आम्ही दोघं गुपचूप उतारानं खाली. "उताराचा रेटा वाया घालवाचा नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

गाडीचा आवाजच नाही म्हटल्यावर गुरं कशाला बाजूला होतात? चावी बंद असल्यामुळे हॉर्नही वाजायचा नाही. मग सर तोंडानंच "पों पों" करायचे. पन्नाशीचा मुख्याध्यापक, पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा, आणि म्हशींच्या कळपात शिरून "पों पों". म्हशी शहाण्या, त्या ढिम्म हलायच्या नाहीत.

मी शिक्षण सेवक म्हणून रुजू झालो तेव्हा पेट्रोल ऐंशीच्या वर गेलं होतं आणि गावात येणारी एकमेव एसटी शाळा भरल्यावर पोचायची. सर म्हणाले, "माह्या गाडीवर ये." मी हुरळून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी पिशवी हातात घेऊन वरखाली केली आणि विचारलं, "वजन किती?"

"असेल दोन किलो."

"पिशवीचं नाही. तुह्यं."

"बहात्तर."

सरांनी एक उसासा टाकला. "पासष्ट असतं त चांगलं होतं," ते म्हणाले. त्या वर्षी दिवाळीनंतर ते आठवडाभर माझ्या पोटाकडे संशयानं पाहत होते.

रस्त्यावर मला 'अरे-तुरे' करणारे सर शाळेच्या फाटकातून आत शिरले की बदलायचे. "गावंडे सर, आपण चौथीचा वर्ग घ्या," असं अदबीनं म्हणायचे. पाचच मिनिटांपूर्वी ह्याच माणसानं "पळ ना लेका, म्हातारा झाला काय?" म्हणून मला चढावर पळवलेलं असायचं.

पेट्रोल भरायला ते पहाटे जायचे. थंडाव्यात पेट्रोल घट्ट असतं आणि दुपारी फुगतं, ही त्यांची पक्की समजूत. भरून झालं की पंपावरच्या माणसाला बाजूला सारून नळीचा वेढा स्वतः उचलून धरायचे, आतला शेवटचा थेंब टाकीत पडेपर्यंत. यवतमाळला मीटिंग असली की एसटीच्या पाठीला गाडी चिकटवायचे, कारण एसटीच्या मागे वारा लागत नाही. वारा नाही लागायचा, धूर लागायचा. मीटिंगमध्ये आम्ही दोघं काळ्या तोंडानं बसायचो. भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, तर त्यांच्या गाडीवर बसणं कधीच सोडलं होतं. "चलनाच है तो घर से ही चलती ना," असं म्हणून त्या ऑटोनं जायच्या.

एकदा रागाच्या भरात मी त्यांना कंजूस म्हणालो. सर खरंच दुखावले. कारण ईदला अख्ख्या शाळेला शिरखुर्मा ह्यांच्या घरचा, ज्या पोराच्या पायात चप्पल नाही त्याला चप्पल ह्यांची. मला म्हणाले, "पैशाचा सवाल नाही बे. चप्पल देल्ली त पायात दिसते. शिरखुर्मा पोटात जाते. पेट्रोल काय? जळून ग्येलं त ग्येलं. जाळाचा मले राग येते." मी पुढच्या चढाला न सांगता उतरलो.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, बिनलग्नाचा. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरी आई आणि मी. मानधनावरचा मास्तर म्हणून दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि प्रत्येक नकारानंतर आई दोन-दोन दिवस धड जेवत नव्हती. गल्लीतल्या बायका तिला मुद्दाम विचारायच्या, "मग, जमलं का?" एका सकाळी गाडीवर मी हे सरांना सांगून टाकलं. उतार संपेपर्यंत सरांनी ऐकून घेतलं. मग चावी फिरवत म्हणाले, "एक पोरगी हाये माह्या पाहण्यात. खुशालरावची. मी जमवतो."

खुशालराव डंभारे म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. घाटंजीकडे त्यांचं गाव. माझ्या मामांनी जीप ठरवायची तयारी केली तर सर उखडले. "जीप कायले? आपली गाडी हाये ना!" मामांच्या जागी तेच वडीलधारे म्हणून निघाले. आईनं कळंबच्या चिंतामणी गणपतीला नारळ फोडला आणि मला नवी पँट, नवे बूट घालून पाठवलं.

खुशालरावांच्या गावाआधी सागाच्या जंगलातून मोठा चढ आहे. मला वाटलं, आजच्या दिवस तरी सर सोडतील. कशाचं काय! "चढ आला, गावंडे." उतरलो. नवे बूट टाचेला चावत होते, शर्ट पाठीला चिकटला होता. माथ्यावर पोचलो तर गाडी सरकायला लागलेलीच. मी धावलो, टांग टाकायला गेलो, पण पँट इतकी घट्ट की टांग वरच जाईना. तोल जाऊ नये म्हणून मी मागच्या कॅरिअरवर दोन्ही हात टेकले. झालं! सरांना वाटलं, गावंडे बसला. त्यांनी ब्रेक सोडला आणि गाडी माझ्या हातातून निसटली. मी बोंबललो, "सर! ओ सर!" पण डोक्यावर हेल्मेट, कानात वारा. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मोबाइलला रेंज नव्हती.

पुढचं मला नंतर ऐकायला मिळालं. सर वाटभर मला उपदेश करत होते. "कमी बोलजो. पोहे सगळे खाऊ नको, दोन घास ठेवजो." मी उलट बोलत नाही म्हणून खूशही होते. इंजीन चालू न करता त्यांनी गाडी थेट डंभाऱ्यांच्या दारात आणून उभी केली, हेल्मेट काढलं, खुशालरावांना नमस्कार केला आणि मागे हात करून म्हणाले, "हा आमचा पोरगा!"

खुशालरावांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं.

"पॅसेंजर कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

सर वळले आणि जागच्या जागी थिजले. लगेच गाडीला किक मारायला लागले, तर खुशालराव म्हणाले, "राहू द्या. तुम्ही बसा. तुम्ही आता कोणाले आणू नका." अर्ध्या तासानं मी लंगडत, घामानं निथळत दारात उभा राहिलो. चढावर उतरवायचा नियम सरांनी तोवर सांगून टाकला होता; बैठकीतले सगळे हसू दाबत छताकडे पाहायला लागले.

मला कोणी काही विचारलंच नाही. खुशालरावांनी धरलं सरांना. "बत्तीस वर्षं नोकरी केली, मास्तर. पॅसेंजर चढलं हे डोळ्यानं पाह्यल्याबिगर डबल बेल नाही देल्ली. तुमचं सख्खं माणूस खाली राहते अन् तुमाले पत्ता नाही? अशाच्या शब्दावर मी पोरगी कशी देऊ?" सर मान खाली घालून बसले होते. शाळेत पोरं बसतात ना, तसे. त्यांना तसं बसलेलं पाहून मला स्वतःच्या टाचेपेक्षा ते जास्त दुखलं.

तेवढ्यात खुशालरावांची मुलगी, अश्विनी, पोहे घेऊन आली. ताटल्या ठेवल्या आणि सरळ मलाच विचारलं, "लग्न झाल्यावर बायकोले पण चढावर उतरवसान काय?"

आली का पंचाईत! 'नाही' म्हणावं तर चार लोकांत सरांची लाज काढल्यासारखं. 'हो' म्हणावं तर पोरगी गेली. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी उतरीन. गाडी तुम्ही चालवा."

ती हसली. तिची आईही हसली. खुशालराव हसले नाहीत. "कळवतो," एवढंच म्हणाले. आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे नाही.

परतीला निघालो. यवतमाळच्या पुढे आल्यावर सर एकदम म्हणाले, "ती चालवीन अन् तू पायी?"

"हो सर."

"ॲव्हरेज चांगलं पडन. हलकी हाये." घरी आल्यावर सर दारातूनच आईला म्हणाले, "अम्मा, चूक माही झाली. पोराची काहीच नाही." आईनं त्यांना चहा दिला आणि आत जाऊन रडली.

पंधरा दिवसांनी होकार आला! मी तर हवेतच. माझ्या एका वाक्यानं बाजी मारली, असं मी त्या दिवसापासून ज्याला-त्याला सांगत सुटलो. लग्न झालं. अश्विनीनं स्कूटर घेतली, आणि ती चालवते, मी मागे बसतो. मला कायम केलं, पुढे माझी बदली झाली, सरांची गाडी सुटली. पण माझ्या त्या हजरजबाबी उत्तराची गोष्ट मी आठ वर्षं पाहुण्यारावळ्यांना ऐकवली. अश्विनी ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, लाजते.

गेल्या महिन्यात सरांचा निरोप समारंभ झाला. आम्ही गेलो, सोबत सासरेही आले. भाषणं झाली. मी उठून हीच गोष्ट सांगितली, टाळ्या घेतल्या. मग सासऱ्यांनी माइक मागितला.

"जावाई म्हणते ते खोटं नाही, पण अर्धं हाये," ते म्हणाले. "मी नाहीच म्हटलं होतं. पोरगी अडून बसली तरी मी नाहीच म्हणत होतो. त्या पंधरा दिवसांत हे मास्तर माह्या घरी तीन खेपा आले. पहिल्या खेपेले मी पाणीही नाही विचारलं. तिसऱ्या खेपेले भर उन्हात अंगणात उभे राह्यले. म्हणे, खुशालराव, चूक माही, सजा मले द्या. त्याले बाप नाही. मंग त्याच्यासाठी घडीघडी मीच येईन ना? अन् जाताना आमाले कसम घातली, पोराले सांगू नका, त्याले वाटू द्या त्याच्या बोलण्यानं झालं."

मी अश्विनीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. माझे डोळे गळायला लागले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. एका खेपेला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. तसे तीनदा, त्या माणसानं, माझ्यासाठी.

मी स्टेजवर गेलो. सर गळ्यात हार घालून, चोरी पकडल्यासारखे बसले होते. "सर, तीनदा? एवढं पेट्रोल जाळलं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कायचं पेट्रोल बे? त्या रस्त्यानं जातानीही उतार हाये अन् येतानीही उतार."

इतक्या वर्षांत सर माझ्याशी एवढं एकच खोटं बोलले. तो रस्ता मी पायी चढलो आहे.