सांभाराच्या जुडीनं केलेला रोवणा

मोहाडीच्या आमच्या घरी माझ्या टेबलावर तारांचं जे जंजाळ आहे, त्याला आई ‘तुहा टेलिफोन’ म्हणते. तो मॉड्युलर सिंथेसायझर आहे, हे सांगून सांगून मी थकलो. त्यातला माझा जीव की प्राण म्हणजे स्टेप सिक्वेन्सर. एक बटण आणि पुढे सोळा-सोळा दिव्यांच्या रांगा. एकेक दिवा म्हणजे एकेक घर. रेकॉर्ड सुरू करून बटण दाबत गेलं की प्रत्येक ठोका जवळच्या घरात जाऊन बसतो, आणि मग यंत्र तो ठेका जन्मभर वाजवायला तयार.

माणसाच्या हाताची चाल त्या घरांत कशी उतरते, याचं मला भारी कुतूहल. म्हणून आईच्याच मागे लागलो. रोवण्यात, म्हणजे चिखलात धानाचे पऱ्हे लावताना, आमच्या ओळीची पुढारीण तीच. तिनं गाणं धरायचं आणि बाकीच्या बायांनी तिच्या चालीनं हात चालवायचे. यंदा मात्र गुडघ्यांपायी डॉक्टरनं तिला धानाच्या चिखलभरल्या बांधीत उतरायला साफ मनाई केली होती.

“टाळ्या वाजव,” मी म्हटलं.

“रोवताना टाळ्या कोण वाजवते, गा?”

तिनं स्वयंपाकघरातून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणली, डाव्या हातात धरली, खाटेवर बसल्याबसल्या कंबर वाकवली आणि एकेक काडी घेऊन बटणावर रोवू लागली. माझ्या महागड्या यंत्रावर सांभाराचं पाणी! फडकं उचललं, पण तिला थांबवलं नाही. कारण ठोके असे पडत होते की वा रे वा.

दिवे पाहिले आणि कोड्यात पडलो. रोपांची एक पेंडी संपली की दुसरी उचलायची, तेवढी घरं रिकामी, हे समजलं. पण कधी तीन रिकामी, कधी पाच, कधी दोनच? वाटलं, वय झालं, चुकते. मी सगळीकडे दोन-दोन करून टाकली आणि ऐटीत तिला ऐकवलं.

तिचा चेहरा उतरला. “हे कोण रोवून राहिलं?”

“तूच.”

“मी नाई. ह्या चालीनं तं काकू मागंच राहून जाईन.”

काकू म्हणजे समोरच्या घरातली, आईच्या जोडीची. लकव्यानंतर तिचा डावा हात पेंडी नीट धरत नाही. ती ओळीच्या टोकाला असते. तिच्या हातात नवी पेंडी बसेपर्यंत आई गाणं थांबवून धरायची. खाटेवर बसूनही तिच्या डोळ्यांपुढे काकूच होती, आणि मी अतिशहाण्यानं तिलाच पुसून टाकलं होतं. लाज वाटली.

“यंदा ते गल्लीतली नवी सून गाणं धरन,” आई म्हणाली. “तिचा हात भलता चपळ. काकू दोन दिवसांत घरी बसन, पाहजो.”

“मंग तुलेच नेतो धुऱ्यावर,” मी म्हटलं.

रोवण्याच्या पहिल्या दिवशी बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर खुर्ची, बॅटरी, स्पीकर, यंत्र, वर ताडपत्री. आईची नजर ओळीच्या टोकावर, बोट बटणावर. बाया हसून हसून चिखलात बसायच्याच बाकी होत्या. “अवो बाई, आता बटण दाबून रोवता का?” पण ठोका त्यांना आवडला. सुनेनं त्यावर गाणं धरलं. आईचं बोट थांबलं की गाणं थांबे, काकू पेंडी सावरून घेई, की पुन्हा सुरू.

दुपारी बॅटरी गेली. मी शिव्या घालत तारा उपसू लागलो, तर आईनं माझं मनगट धरलं.

“आयक.”

बांधीत गाणं चालूच होतं. पेंड्या संपल्या. सुनेनं नवी पेंडी उचलली, पण गाणं उचललं नाही. तिनं मान वळवून टोकाकडे पाहिलं. काकू चाचपडत होती. सारी ओळ तशीच वाकून थांबली. काकूच्या हातात पेंडी बसली, तेव्हा सुनेनं गाण्याची पुढची ओळ म्हटली.

पिशवीत दुसरी बॅटरी होती. “जोडू का?” मी विचारलं.

“कायले?” आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.