कुठल्या हातानं?

"लाड बंद." वर्गात शिरल्या की मॅडमचं पहिलं वाक्य हे. मग समोरच्या पोराच्या उजव्या हातातलं पेन काढून त्याच्या डाव्या हातात द्यायच्या आणि कोंबडीच्या पायांसारखं अक्षर उमटलं की म्हणायच्या, "आता मेंदू कामाला लागला." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्या कधीच आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

मी सोलापुरात त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. मेंदू स्वतःला कसा बदलतो यावर त्यांचं संशोधन. सुरुवातीला सगळ्यांना केवढं कौतुक! ते चार दिवसांत विरलं. पोरांना रडवायच्या, मला तर येता-जाता फाडून खायच्या. शिकवायच्या मात्र झकास, ते नाकारता येत नाही. "मेंदू म्हणजे टेंभुर्णीला चहाला थांबलेली एसटी. हात वापरला नाही, तर त्याच्या जागेवर दुसरा येऊन बसतो. मग भांडून परत मिळवायची."

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर चादरीच्या मागावर राबलेला उजवा हात मांडीवर पडून राहिला. डाव्या हातानं जेवणार नाही, हा बाबांचा हट्ट. म्हणून मी घास भरवायची. उजवाच हात वापरायला लावा, असं डॉक्टरही सांगत होते. पण ते गोड बोलायचे, आणि आम्ही काणाडोळा करायचो.

एका रविवारी मॅडम न बोलावता घरी आल्या. मी भरवतेय हे पाहिलं, खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि बाबांचा चांगला हात खुर्चीला बांधला. ताट पुढं सरकवलं.

"लाड बंद. हा हात उठल्याशिवाय जेवण नाही."

मग रोज संध्याकाळी यायला लागल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि माझ्याच घरात मला मध्ये पडायची चोरी. मेलीला आईबाप नव्हते की काय, असं वाटायचं. त्या गेल्या की मी चोरून भरवायची. ते त्यांच्या लक्षात आलं, तशा आणखी उशिरापर्यंत बसायला लागल्या.

एकदा बाबांचं डोकं फिरलं. त्यांनी आमटीची वाटीच उडवली. सगळी आमटी मॅडमच्या साडीवर. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! मॅडमनी साडीकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुठल्या हातानं?" त्यांनी विचारलं.

डावा तर खुर्चीला बांधलेला. बाबा आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम अचानक गेल्या. शोकसभेला गेले. मी रडले नाही. घरी आले तेव्हा बाबा जेवत होते, भाकरी उजव्या हातानं मोडत होते. मी त्यांना शोकसभेचं सांगितलं.

"लई खाष्ट बाई," बाबा म्हणाले. घास हातातच राहिला.

मग कुणी न सांगता त्यांनी डावा हात मांडीखाली दाबला.

"वाढ," म्हणाले. "आमटी बी वाढ."