रोप ओढून बघणारा

मिरजगावजवळच्या आमच्या शेतात दरवर्षी एक जण झाडं तपासायला येतो. परदेशातल्या कारखान्यांच्या धुराची भरपाई म्हणून एक कंपनी आमच्या बांधांवर झाडं लावते आणि जगलेल्या झाडांचे फोटो हा काढतो; त्यावर आम्हाला पैसे मिळतात. फोटोआधी प्रत्येक रोप बुडाशी धरून हलकंच ओढायचं आणि "काय, बरं हाय ना?" म्हणायचं, ही त्याची सवय. माझी तब्येत त्यानं कधी विचारली नाही.

यंदा निम्मी रोपं उन्हानं गेली. आमच्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी, त्या खड्ड्यांत कडुनिंबाच्या फांद्या खोचल्या. मला त्या खऱ्या रोपांपेक्षा टवटवीत वाटल्या, यावरून माझी शेती ओळखावी.

तपासायला आल्यावर त्यानं पहिलीच फांदी ओढली, ती हातात आली. अण्णा आभाळाकडं बघू लागले. तेवढ्यात त्याच्या साहेबाचा फोन आला. सगळी जिवंत दाखव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, हे आम्हालाही ऐकू आलं.

"साहेब, मेलेलं झाड धूर कसं प्यायचं? मी मेलीच लिवनार," म्हणत त्यानं फोन ठेवला. मग त्याच फांदीची काडी मोडून दात घासत तो म्हणाला, "अण्णा, कडू हाय, पर ताजी हाय."

पाऊस पडल्यावर तो मोटारसायकलला रोपं बांधून हजर.

"काढलं न्हाई व्हय तुला?" अण्णांनी विचारलं.

"ह्या बांधांवर पायपीट करायला दुसरं कोन मिळतंय? अन् मेली लिवली म्हनून तर ही नवी मिळाली. आता पानी घाला."

अण्णा मोटर सुरू करायला गेले.