आकड्याचं भांडं

उरलेली आमटी बायको लहान पातेल्यात काढत होती. अंदाज चुकला आणि ओट्यावर ओघळ आला. मी लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेलो. हौसेने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली आणि मेमरीचं माप ठेवायला सुरुवातीलाच लहान इंटिजर, म्हणजे ठरावीक आकड्यापर्यंतच मोजणारा प्रकार, निवडला. आकड्याचं भांडंच ते! नव्या मशीनची मेमरी त्यात मावत नाही, पण सांडतही नाही. आकडा गाडीच्या मीटरसारखा गुपचूप शून्यावर येतो आणि एवढं मोठं मशीन म्हणतं, माझ्याकडे काहीच नाही. तेच भांडं आता कोडच्या सगळ्या फायलींत आहे. कुठे कुठे बदलू?

"मोठं पातेलं घ्यायचंस ना," मी उगाच चिडलो.

"सांडलं तेव्हा कळलं," ती फडकं फिरवत म्हणाली.

आकडे सांडत नाहीत; माझा ओटा अजून कोरडाच आहे.