नको म्हाराजा

आमच्या बँडचं पहिलं सिंगल गणपतीच्या आदल्या दिवशी आलं. नाव 'नको म्हाराजा'. आम्ही तिघं पोस्ट-हार्डकोर वाजवतो, म्हणजे अर्धं गाणं गायचं आणि अर्धं घसा फाडून ओरडायचं. ओरडायचं काम माझं. आंब्याचा हंगाम संपल्यावर पावस गावातल्या एका पॅकिंग शेडमध्ये, रिकाम्या पेट्या भिंतीला लावून आम्ही ते रेकॉर्ड केलं होतं. आणखी चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, दिवाळीला यायची होती.

गाणं खरं तर बाबांसाठी होतं. आमच्याकडे दरवर्षी बाबा गणपतीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. त्यांनी एकेक मागणं मागायचं आणि सगळ्या घरानं ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" हल्ली त्यात एक मागणं ठरलेलं: ह्याला मुंबईत चांगली नोकरी लागू दे. व्हय म्हाराजा! अरे, पण मला कोणी विचारलं? रत्नागिरीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. बँड इथे आहे. मी गेलो की बँड संपला, ईपी कसली नि काय कसलं! पण घरात हा विषय काढला की बाबा उठून गोठ्याकडे जातात. म्हटलं, गाण्यातनं सांगू. तेवढं तरी बसून ऐकतील.

आरती झाल्यावर मी फोन स्पीकरला जोडला आणि गाणं लावलं. ड्रम सुरू झाले तसे सगळे दचकले. मग माझा आवाज: नोकरी नको, म्हाराजा! मुंबई नको, म्हाराजा! त्या ओरडण्यात शब्द कोणाला कळायला? 'म्हाराजा' तेवढं कळलं. आधी काकीनं हात जोडले आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मग सगळं घरच सुरू झालं. माझ्या प्रत्येक 'नको'वर व्हय म्हाराजा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, नको म्हणतोय मी, नको!" असं ओरडलो, तर त्यालाही व्हय म्हाराजा. मुंबईहून आलेल्या चुलतभावानं पाठ थोपटली. "देवाचं गाणं काढलंस, बरं केलंस." कप्पाळ माझं!

मग बाबांनी नारळ ठेवला आणि नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, माझ्या नोकरीसकट. माझ्या गाण्यानं सगळ्यांचे गळे आधीच तापले होते, त्यामुळे ह्या वेळचा होकार नेहमीपेक्षा मोठा निघाला.

बाबा पडवीत हात धूत होते. मी मागनं गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा साध्या आवाजात सांगितलं, "बाबा, मला मुंबईला जायचं नाय. त्या गाण्यात तेच म्हटलंय मी."

"ठावं हाय मला," बाबा पंच्याला हात पुसत म्हणाले. "तू माझं ऐकत नायस, म्हणून तर देवाला सांगतो."